बर्फाची शिस्त

"एवढी वर्षं लोकांचं रक्त हाताळत होता, मग जेवण कसं जात होतं हो तुम्हाला?" असं नवनगरातल्या माझ्या शेजारणी मला अजून विचारतात. उत्तम जात होतं. हुबळीच्या आमच्या लॅबमधला साडेबाराचा डबा हा माझ्या दिवसातला सगळ्यात आवडता भाग होता. रक्ताची किळस पहिल्या महिनाभरातच जाते. भीती मात्र थोडी शिल्लक ठेवायची असते. मी ती सोडून दिली होती, आणि त्यापायी एका बाईचा जीव टांगणीला लागला. त्या वेळी ज्याने मला सावरलं, त्याचं नाव आमच्या लॅबच्या कुठल्याही रिपोर्टवर कधी छापलं गेलं नाही. म्हणून ते इथं लिहिते. त्याचं नाव ईरण्णा.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. हुबळीच्या बाजारपेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब होती. एक डॉक्टर, मी, आणि बाटल्या धुणारी एक बाई. डॉक्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तरी तेही मला अक्काच म्हणायचे. माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी सांगलीकडून हुबळीला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी, असा माझा जन्म गेला. लॅबमध्ये दोन्ही लागायच्या. "उपाशीपोटी आलात ना?" हे एका भाषेत विचारलं की माणूस मान डोलवायचा, आणि तेच दुसऱ्या भाषेत विचारलं की दोन इडल्या खाल्ल्याचं कबूल करायचा.

आमचं काम बाहेरून जादूचं वाटतं, पण ते स्वयंपाकासारखं आहे. माप, वेळ आणि ऊब-गारवा सांभाळला की जमतं. बाकी मग ज्याच्या त्याच्या रक्ताची तऱ्हा. लग्नसराईत एकदा एका आचाऱ्याचं रक्त तपासायला आलं. बल्ब, म्हणजे रक्त घेतात ती काचेची छोटी बाटली, यंत्रात फिरवून बाहेर काढला, तर वर जो पिवळसर द्रव दिसायला हवा तो ताकासारखा पांढराफेक. डॉक्टर म्हणाले, "अक्का, विचारा त्याला, काल तूप किती चाखलंस." आचारी शपथेवर म्हणाला, "चाखलं नाही हो. बुंदी तळताना नुसता वास घेतला." ही गोष्ट आम्ही पुढे कित्येक वर्षं डब्यावर बसून एकमेकांना सांगत होतो.

काविळीचे पेशंट मात्र बारा महिने असायचे. हुबळी हे व्यापाऱ्यांचं गाव. माणसं माल आणायला सतत कुठं ना कुठं जाऊन येत, आणि मालाबरोबर कावीळही घेऊन येत. एकदा एकाच आठवड्यात साड्यांचे चार व्यापारी आले, चौघांचे डोळे पिवळेजर्द. एक म्हणाला तेलकट खाल्लं, दुसरा म्हणाला दृष्ट लागली. मी विचारलं, "दीड महिन्यापूर्वी कुठं होतात?" चौघं एकमेकांकडे बघायला लागले. सुरतेला माल घ्यायला गेले होते आणि चार दिवस एकाच ढाब्यावर जेवले होते. काविळीचे विषाणू बरेच आहेत. काही रक्तातून येतात, काही घाणेरड्या पाण्यातून पोटात जातात. पाण्यातले पोटात गेल्यावर महिना-दीड महिना गप्प बसतात. तोवर प्रवासाच्या बॅगा माळ्यावर गेलेल्या असतात आणि कुठं काय प्यालो हे माणूस पार विसरलेला असतो. माझा तो प्रश्न लॅबमध्ये प्रसिद्ध होता. डॉक्टर म्हणायचे, "अक्का, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं."

औषधाला मात्र लोक डॉक्टरांकडे जातीलच असं नाही. कलघटगीच्या वाटेवर एका खेड्यात एक म्हातारा काविळीची माळ करून द्यायचा. झाडाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवलेली ती माळ गळ्यात घालायची. कावीळ उतरेल तशी ती लांब होत खाली येते, अशी समजूत. लोक माळ घालूनच आमच्याकडे यायचे, कावीळ किती उतरली ते बघायला. औषध त्यांचं, दाखला आमचा. पुष्कळांची कावीळ आपली आपण बरी होते, त्यामुळे म्हाताऱ्याचंही नाव राहायचं आणि आमचंही.

आता बर्फाचं सांगते. धारवाडला आमचं एक केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक खोली, एक खुर्ची आणि ईरण्णा. ईरण्णा अळणावरचा. सकाळच्या पहिल्या गाडीने धारवाडला यायचा, केंद्रात आणि आसपासच्या नर्सिंग होममध्ये रक्त काढायचा आणि सगळे नमुने घेऊन बसने हुबळीला माझ्यासमोर हजर व्हायचा. मोजकं बोलायचा. हात इतका हलका की लहान मुलं रडायची विसरत. एका एप्रिलमध्ये बसमधल्या उकाड्याने नमुने खराब झाले आणि एका मधुमेहाच्या पेशंटचा साखरेचा आकडा चुकला. तेव्हापासून मी नियम केला की धारवाडचं सगळं रक्त रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, बर्फातच यायचं. डॉक्टर एकदा म्हणाले की थंडीच्या दिवसांत एवढी गरज नाही. मी म्हटलं, "नियमाला ऋतू नसतो." या वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

नमुना बिघडून आला तर त्याची नोंद एका लाल वहीत व्हायची. पेशंटचं नाव, काय बिघडलं, आणि शेवटच्या रकान्यात चूक कोणाची. तो शेवटचा रकाना मी सुरू केला होता. इतक्या वर्षांत त्यात माझं नाव एकदाही आलं नव्हतं, कारण वही माझ्याकडे असायची.

त्या वर्षी मार्गशीर्ष संपत आला होता आणि धारवाडात चांगलीच थंडी पडली होती. तिथल्या मराठी शाळेतल्या शिक्षिका मालतीबाई काविळीने नर्सिंग होममध्ये दाखल झाल्या. पस्तिशीच्या आतबाहेरच्या. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावर वासना नाही, म्हणजे नेहमीचीच कावीळ. पण त्या जशा पिवळ्या होत्या तशा पांढऱ्याही पडत चालल्या होत्या. चार पावलं टाकली तरी धाप लागायची. धारवाडच्या डॉक्टरांना त्यांचं हिमोग्लोबिन तातडीने हवं होतं.

हिमोग्लोबिनच्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून आधीच औषध घातलेलं असतं. रक्त घेतलं की बल्ब हळूच आठ-दहा वेळा उलटासुलटा करायचा, म्हणजे ते नीट मिसळतं. आळस केला की रक्तात गाठी होतात आणि तो नमुना फुकट जातो. मालतीबाईंचा बल्ब मी थर्मासमधून काढून उजेडात धरला, तर काचेला आतून नासलेल्या दुधासारखे कण कण चिकटलेले.

"ईरण्णा, हलवला नाहीस."

"हलवलो की अक्का. दहा वेळा उलटंसुलटं केलो."

"मग या गाठी कुठून आल्या?"

"काय की. रक्तच लवकर येत नव्हतं बघा. बोटं गार पडल्यात त्यांची. निळीबी दिसतात."

"तू रक्त आण. रोग काय आहे ते सांगायला डॉक्टर आहेत."

खरं तर अशा वेळी बल्बमध्ये एक काडी फिरवून बघायची असते. खरी गाठ असेल तर ती काडीला लागून वर येते. शिकाऊ मुलींना मी हेच पहिल्या दिवशी शिकवायचे. त्या दिवशी मी स्वतः काडी फिरवली नाही. काचेकडे बघितलं, वही उघडली आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने 'ईरण्णा' लिहून पुढे 'हलगर्जीपणा' असं जोडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त आलं. थर्मास गच्च बर्फाने भरलेला, बल्बमध्ये पुन्हा तेच कण. वहीत पुन्हा तेच नाव. त्यांच्या काविळीचा आकडा दुसऱ्या बल्बवरून निघाला होता, आणि तो विचित्र होता. यकृत बिघडलं की रक्तात एका प्रकारचा पिवळा रंग वाढतो आणि लाल पेशी फुटायला लागल्या की दुसऱ्या प्रकारचा. मालतीबाईंचे दोन्ही वाढलेले होते आणि दुसरा तर नको इतका. मी आकडा पुन्हा काढून बघितला, बरोबर होता, रिपोर्टवर लिहिला आणि पुढच्या बल्बला हात घातला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. मला त्या दोन दिवसांत फक्त ईरण्णाची चूक दिसत होती.

तिसरा दिवस येळ्ळ अमावास्येचा. या दिवशी आमच्याकडे घरंच्या घरं शेतावर जातात, पिकाला नैवेद्य शिंपडतात, त्याला चरग म्हणतात, आणि बांधावर बसून जेवतात. ईरण्णाचंही अळणावरला दोन एकर रान होतं. तरी तो आला. बरोबर मालतीबाईंचे यजमान होते, कारण रक्त चढवावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मालतीबाईंच्या सासूबाईही होत्या. नऊवारी, डोक्यावरून शाल, आणि आवाज आधी जिन्यातून वर आला.

"काय हो बाई, माझ्या सुनेचं रक्त तुम्हाला पसंत पडंना होय? तीनदा टोचून झालं पोरीला. आता काय दोष काढताय ते मी समोर बसूनच बघते."

मी त्यांना खुर्ची दिली आणि ईरण्णापुढे थर्माससाठी हात केला. थर्मास रिकामा होता.

"बर्फ मिळालं नाही अक्का. अंगडी, दुकानं बंद. सगळी शेताला गेल्यात." असं म्हणून त्याने स्वेटरच्या आत हात घातला आणि शर्टाच्या खिशातून, रुमालात गुंडाळलेला बल्ब काढला. धारवाडपासून हुबळीपर्यंत तो बल्ब त्याने छातीशी धरून आणला होता.

सासूबाईंसमोर मला ओरडता येईना. रागारागाने बल्ब उजेडात धरला. रक्त एकसारखं, पातळ, एक कण नाही. मला वाटलं, बघा, ताकीद दिली की माणूस कसा नीट हलवतो! हिमोग्लोबिन काढलं. सहा. बाईच्या अंगात असायला हवं त्याच्या निम्मं. यजमान तसेच रक्तपेढीकडे पळाले.

ते येईपर्यंत मी सवयीने सासूबाईंना विचारलं, "दीड महिन्यापूर्वी कुठं गेला होता का?"

"दिवाळीच्या सुट्टीत काशीला गेलतो की दोघी. पण त्याचं आता काय?"

"बाहेरचं पाणी?"

"पाणी एकाच तांब्यातनं प्यालो बाई. मला काय झालं नाही ते? हां, वाटेत उसाचा रस घेतलाव. तिनं बर्फ घालून घेतला. माझ्या दाताला बर्फ सोसत नाही."

त्यांच्या वयाच्या पुष्कळांना ही कावीळ लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते, मग ती पुन्हा होत नाही. त्यामुळे दोष बर्फाचा होता की पाण्याचा हे कोणी सांगावं. मुंबईला पाठवलेल्या तपासणीत पुढे पाण्यातलाच विषाणू निघाला.

यजमान रक्ताची पिशवी घेऊन आले. ती न्यायला मी माझा थर्मास दिला आणि आमच्या फ्रीजमधला सगळा बर्फ त्यात स्वतःच्या हाताने भरला. "वाटेत उघडू नका," अशी ताकीदही दिली. मायलेक दोनच्या सुमाराला धारवाडला निघाले. रक्त संध्याकाळी चारला, डॉक्टर आले की लावायचं ठरलं होतं.

जेवण झाल्यावर मी मालतीबाईंच्या रक्ताची आणखी एक काचपट्टी करायला म्हणून फ्रीजमधून तो बल्ब काढला. आत नासलेल्या दुधासारखे कण.

आता ईरण्णाला बोल लावायची सोय नव्हती. सकाळी हेच रक्त मी माझ्या डोळ्यांनी नीट बघितलं होतं. मी काडी घेतली आणि फिरवली. काडीला काही लागलं नाही. बल्ब मुठीत धरून तशीच स्टुलावर बसले. थोड्या वेळाने मूठ उघडली तर कण गेलेले. पुन्हा बर्फाळ कप्प्यात ठेवला, कण आले. पुन्हा मुठीत धरला, गेले. मी डॉक्टरांकडे गेले आणि बल्ब त्यांच्यासमोर गार करून, मग मुठीत धरून दाखवला.

डॉक्टरांनी बल्ब हातात घेऊन उजेडात फिरवला. मग त्यांनी समजावलं. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध लढायला द्रव्यं तयार करतं. क्वचित त्यात गफलत होते आणि ती द्रव्यं आपल्याच लाल पेशींना धरतात. गारवा लागला की पेशी एकमेकींना चिकटतात आणि फुटतात. मालतीबाईंच्या अंगात तेच चाललं होतं, थंडीच्या दिवसांत, गारठलेल्या खोलीत. त्यात बर्फातून काढलेलं रक्त तसंच गारेगार त्यांच्या शिरेत सोडलं तर चिकटणं आणि फुटणं आणखी वाढणार होतं.

"तो बर्फ कोणी दिला अक्का?"

"मी."

नर्सिंग होमचा फोन लागेना. एकदा एंगेज, एकदा नुसतीच घंटा. तीन वाजत आले होते. ईरण्णा बाकावर बसून आमचं ऐकत, अळणावरच्या गाडीची वेळ बघत होता. चरगाची वेळ केव्हाच टळून गेली होती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, आणि तो ती वाचायच्या आत जिना उतरायला लागला. मग अर्ध्यातून परत आला.

"बल्ब द्या अक्का. नुसत्या चिठ्ठीवर माझं कोण ऐकतंय?"

पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं. धारवाडचे डॉक्टर लवकर आले होते, पिशवी टांगली होती, सिस्टर हाताची शीर शोधत होती. ईरण्णा दारातूनच "थांबा री, थांबा!" म्हणत आत आला. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. ईरण्णाने टेबलावरचा गार पाण्याचा पेला उचलला, त्यात बल्ब बुडवला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मग तो मुठीत घेऊन तसाच उभा राहिला. सिस्टर म्हणाली, "हे काय चाललंय?" तो म्हणाला, "दोन मिनिटं री." दोन मिनिटांनी त्याने मूठ उघडली, आणि डॉक्टरांनी आधी पिशवी काढायला सांगितली.

मालतीबाईंना दुलया, पायमोजे, गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. एक बाटली रक्त द्यावंच लागलं, पण जुळणी पुन्हा नीट करून, कोमट करून आणि थेंब थेंब. चार-पाच दिवस काही खरं नव्हतं. रोज सकाळी ईरण्णा बल्ब छातीशी धरून आणायचा आणि मी तो हातात घ्यायच्या आधी माझे हात स्टोव्हवर शेकून घ्यायचे. साडेपाच, पुन्हा साडेपाच, मग सहा. ज्या दिवशी सात आलं त्या दिवशी मी डबा उघडायच्या आधी देवाला हात जोडले. महिनाभराने सासूबाई काविळीची माळ घेऊन आल्या. ती सुनेच्या कमरेपर्यंत आली होती म्हणे. "रक्ताचं तुमचं खरं बाई, पण कावीळ हिनंच उतरवली," असं म्हणून त्यांनी माळ माझ्या टेबलावर ठेवली. मी वाद घातला नाही. मला ती बाई जिवंत असल्याचा इतका आनंद होता की मी माळेलाही नमस्कार केला असता.

लाल वहीचं राहिलं. येळ्ळ अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी ईरण्णाला समोर बसवलं, शेवटच्या रकान्यातलं त्याचं नाव दोन्ही ठिकाणी खोडलं आणि माझं लिहिलं. 'हलगर्जीपणा' हा शब्द तसाच ठेवला. त्याने वही आपल्याकडे ओढून बराच वेळ वाचली.

"कशाला अक्का? बर्फ तर मीच घातलो की."

माफी मागायची मी मनाशी ठरवलं होतं, पण या वाक्यावर मी उठलेच. मी आत जाऊन नळ सोडला आणि बाटल्या धुणाऱ्या बाईला उगाच रागावले.

तेव्हापासून ईरण्णाचं दर येळ्ळ अमावास्येला आम्हाला बोलावणं असायचं. डॉक्टर जायचे, मी कामाचं निमित्त सांगायचे. शेवटी मी निवृत्त झाले त्या वर्षी निमित्त उरलं नाही. दहा-बारा वर्षं झाली होती. अळणावरला त्याच्या रानात बांधावर घोंगडी अंथरलेली, बाजरीच्या भाकऱ्या, भरली वांगी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगांची पोळी. मालतीबाईही आल्या होत्या, आता मुख्याध्यापिका झालेल्या, केसांत पांढरी बट. गारवा होता, पण त्या खुशाल बिनस्वेटरच्या बसल्या होत्या. ते विचित्र द्रव्य त्यांच्या रक्तातून केव्हाच निघून गेलं होतं.

जेवताना मी ईरण्णाला इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "त्या दिवशी बर्फ नव्हता, तर बल्ब पिशवीत टाकून आणायचास. खिशात, छातीशी कशाला धरलास? तुला माहीत होतं का काही?"

"मला काय माहीत असणार अक्का?" भाकरी मोडत तो म्हणाला. "टोचायला यांचा हात धरलो. एवढा गार, की सोडवेना. आणि यांनी डोळे मिटून मलाच विचारलं, आज तुमचा सण, माझ्यापायी शेताला जायचं राहिलं काय म्हणून. मग तसल्या माणसाचं रक्त पिशवीत कसं टाकणार? आत ठेवलो."

मालतीबाईंना हे आठवत नव्हतं. त्या हसल्या आणि वांगं वाढायला माझ्याकडे वळल्या. तीन दिवस मी त्यांचं रक्त उजेडात धरधरून बघितलं होतं. त्यांचा हात मात्र मी त्या दिवशी, त्या बांधावर, पहिल्यांदा हातात घेतला. ऊबदार होता.